ओपनिंगची पुस्तकं नंतर घ्या, आधी एंडगेम शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला फायनलमध्ये कोनेरू हंपीला हरवून चेसचा महिला वर्ल्ड कप जिंकला, तेव्हापासून आमच्या विदर्भात जो तो पोरांना चेसच्या क्लासला घालतोय आणि ह्याचा मला मनापासून आनंद आहे. पण पालक पुस्तकं घेतात ती सिसिलियन नाहीतर किंग्ज इंडियन अशा ओपनिंगवरची, म्हणजे डावाच्या ठरलेल्या सुरुवातीवरची, जाडजूड, मग आठ वर्षांचं पोरगं पंधरा चाली पाठ करून जातं आणि समोरच्याने चौथीच चाल वेगळी केली की अडकून बसतं.

कळकळीने सांगतो, सुरुवात माजी जगज्जेत्या कापाब्लांकाच्या 'चेस फंडामेंटल्स'ने करा. पुस्तक १९२१ चं, पण सुरुवातच राजा आणि एका हत्तीने मात कशी करायची इथून होते, लगेच प्याद्यांचे एंडगेम, म्हणजे मोहरे कमी उरल्यावरचा डावाचा शेवट. पटावर मोहरे कमी असले की मुलाला एकेकाची खरी ताकद दिसते. जुनी इंग्रजी आवृत्ती प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, फक्त तिच्यात नोटेशन, म्हणजे चाली लिहायची पद्धत, जुनं आहे, ई४ च्या जागी पी-के४ असं, म्हणून मुलांसाठी नवीन नोटेशनची घ्या.

त्यानंतर चेर्नेव्हचं 'लॉजिकल चेस मूव्ह बाय मूव्ह'. ३३ डाव, आणि प्रत्येक चाल का खेळली ते सांगितलंय. तेच तेच परत येतं पण ह्या वयात तेच लागतं. कॅसलिंग केलेल्या (हत्तीसोबतच्या खास चालीने कडेला सुरक्षित नेलेल्या) राजापुढची प्यादी हलवू नका हे मात्र तो फार ताणतो, तेवढं कोचने समजावून सांगावं. सिलमनचा एंडगेम कोर्स महाग वाटेल, पण त्यातले भाग रेटिंगप्रमाणे, म्हणजे खेळाडूच्या पातळीच्या आकड्याप्रमाणे, केलेत, मूल आपल्यापुरतं वाचून थांबतं आणि पुढे वर्षानुवर्षं तेच पुस्तक पुरतं.

आता मुख्य विनंती. कापाब्लांका १९४२ साली गेला, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे हे पुस्तक कोणीही मराठीत आणू शकतं, एखाद्या प्रकाशकाने स्वस्त आवृत्ती काढावीच. तोवर तुम्ही रविवारच्या पुरवणीत त्यातली एक पोझिशन, म्हणजे पटावरची मांडणी, छापा, मराठीत दोन ओळी आणि उत्तर पुढच्या रविवारी. तालुक्याच्या वाचनालयात इंग्रजी चेसचं पुस्तक नसतं, तुमचा पेपर मात्र रोज येतो.

आपला,
एक बुद्धिबळप्रेमी पालक, अमरावती