शून्य आले म्हणजे अपयश नव्हे

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या विज्ञानाच्या पानावर 'कृष्णपदार्थाच्या शोधाला पुन्हा अपयश' अशी चौकट होती. दीर्घिका ज्या वेगाने फिरतात त्याला दिसणारे तारे पुरे पडत नाहीत, म्हणून हा न दिसणारा पदार्थ मानावा लागतो, हे त्यात नीट सांगितले होते. माझी तक्रार मथळ्याबद्दल आहे.

मी एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत एकतीस वर्षे सहायक होतो. किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर काउंटरचे प्रॅक्टिकल असले की पहिली दहा मिनिटे किरणोत्सारी सोर्स शिशाच्या डबीत, डबी कपाटात आणि कपाटाला कुलूप. तरी काउंटर वाजायचाच, मिनिटाला वीस-पंचवीस वेळा. "काका, सोर्स तर आत आहे, मग हे कुठून येतंय?" दरवर्षी कोणीतरी विचारायचेच. आकाशातून, भिंतीच्या विटांतून आणि थोडे तुझ्या-माझ्या अंगातूनही. हा बॅकग्राउंड, तो मोजून वजा केल्याशिवाय पुढच्या रीडिंगला अर्थ नाही. पोरांना त्यात काही राम वाटत नसे. निम्मी मुले तो आकडा सीनियरच्या जर्नलातून उतरवून मोकळी होत. एकदा तासभर लाइट नव्हती, तरी एका जर्नलात बॅकग्राउंड २४ आला होता!

कृष्णपदार्थाचा, म्हणजे डार्क मॅटरचा, कण थेट पकडण्याचे प्रयोग म्हणजे तीच पहिली दहा मिनिटे, वर्षानुवर्षे चाललेली. अमेरिकेत साउथ डकोटात होमस्टेक ही बंद पडलेली सोन्याची खाण आहे. तिच्यात सुमारे दीड किलोमीटर खोल 'लक्स-झेपलिन' या अशाच प्रयोगाचे दहा टन झेनॉन, एरवी वायू असलेला पण थंड करून द्रव केलेला, ठेवले आहे. वरचा खडक वैश्विक किरण अडवतो, भोवती पाण्याची टाकी आहे, झेनॉनच्या पात्राचे टायटॅनियमसुद्धा कमीत कमी किरणोत्सारी पाहून घेतलेले. तरी सामानातून सुटणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू पिच्छा सोडत नाही. झेनॉनच्या अणूला धक्का बसला की आधी एक बारीक चमक उठते, मग वर सरकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे दुसरी. दोन्हींच्या प्रमाणावरून धक्का अणुकेंद्राला बसला (शोधातल्या कणाकडून तसाच अपेक्षित आहे) की इलेक्ट्रॉनला, हे ओळखतात आणि बराचसा गोंगाट बाजूला काढतात.

शिवाय नोंदी घेतानाच त्यांत खोट्या धडका मुद्दाम मिसळतात, म्हणजे विश्लेषण करणाऱ्याला मनासारखे काही 'दिसू' नये. सगळे झाल्यावरच त्या काढून टाकतात. याला ते सॉल्टिंग म्हणतात, मीठ घालणे. (रिकाम्या खाणीत सोन्याचे कण पेरून गिऱ्हाईक फसवण्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, आणि हे चालले आहे सोन्याच्या खाणीत.) २०२४ मध्ये २८० दिवसांच्या नोंदी जाहीर झाल्या. प्रोटॉनच्या नऊपटीहून जड कणांची खूण त्यांत नव्हती. कण नाहीच असे यावरून ठरत नाही. पण अमुक इतक्या वेळा धडकणारा असता तर एव्हाना सापडला असता, हे ठरले. तेवढा प्रदेश नकाशावरून खोडला गेला.

जून २०२० मध्ये इटलीत ग्रान सास्सो डोंगराखालच्या 'झेनॉन-१टी' या तशाच प्रयोगाने सुमारे २३२ नोंदी अपेक्षित असताना २८५ दिसल्याचे सांगितले. तेव्हा आपण चार कॉलम दिले होते. मागे किंचित ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, असू शकेल, असे त्या गटाने स्वतःच म्हटले होते; ते वाक्य शेवटच्या परिच्छेदात होते. २०२२ मध्ये त्याच गटाच्या नव्या, कितीतरी शांत उपकरणात ती वाढ उरली नाही. त्याची बातमी मला आपल्याकडे सापडली नाही. माझी कात्रणे अजून फायलीत आहेत.

शून्याचे काय होते ते आपल्याच देशात पाहा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसे कोलारच्या सोन्याच्या खाणीत म्यूऑन, म्हणजे वैश्विक किरणांतून तयार होऊन जमिनीत खोल शिरणारे कण, मोजत होती. सर्वांत खोल पातळीवर दोन महिने उपकरण लावून एकही म्यूऑन आला नाही. इतकी शांतता आहे तर इथे न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही क्वचितच धडकणारे कण, ओळखता येतील, हे त्यावरूनच सुचले आणि १९६५ मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनोंची जगातल्या पहिल्या नोंदींपैकी एक तिथे झाली. 'कोलारमध्ये अपयश' म्हणून कोणी तेव्हाच गाशा गुंडाळायला लावला असता तर? आता झारखंडात जादुगुडाच्या युरेनियमच्या खाणीत, ५५५ मीटर खोल, कोलकात्याच्या साहा अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेची अशाच शोधासाठीची प्रयोगशाळा आहे. युरेनियमच्या शेजारी बसून बॅकग्राउंड मोजणाऱ्यांबद्दल मला विशेष आपुलकी आहे.

यापुढे अशी बातमी देताना किती खोल, किती दिवस, किती नोंदी अपेक्षित होत्या आणि किती आल्या, एवढे चार आकडे द्यावेत. जागा पुरत नसेल तर मथळ्यातला 'अपयश' काढावा, तेवढी जागा होईल.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कराड