चेंडू लागला होता म्हणून सोडून देऊ नकोस

ताई,

फोनवर तू घाईत होतीस, मागे पोरांचा दंगा चालू होता, त्यामुळे धड बोलणंच झालं नाही. म्हणून लिहितेय, आणि लांबणार आहे, तेव्हा भाऊजींनाही वाचायला दे.

तू म्हणालीस सोन्याला चेंडू लागला, डोळा लाल झाला, मग निवळला, आणि आता फ्लॅशच्या फोटोत त्याच डोळ्याची बाहुली पांढरट दिसतेय, आणि तुझ्या सासूबाई म्हणतायत मार लागल्यामुळेच असणार. असेलही गं. पण ते "मार लागल्यामुळेच" ऐकलं आणि मला धडकी भरली. मी काम करते त्या वॉर्डात लहान मुलांच्या डोळ्यातल्या गाठींच्या केसेस येतात आणि बरेच आईबाप सुरुवात अशीच करतात, पडला होता, लागलं होतं. आता तीन-साडेतीन वर्षांचं पोर रोजच कुठेतरी आपटतं ना, म्हणजे डोळ्याला काहीही झालं तरी त्याला जोडायला एखादं पडणं सापडतंच. मार लागून ही गाठ होत नाही. मार लागतो आणि त्या निमित्ताने डोळ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं जातं एवढंच.

एक काम आजच कर. चेंडू लागायच्या आधीचे फ्लॅशचे फोटो काढून बघ, वाढदिवसाचे वगैरे. त्यातही एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसत असेल तर चेंडूचा संबंध संपला. आणि फोटो तारखेसकट डॉक्टरांना दाखव. आधीच्या फोटोत काही नसलं तरी दाखवायचंच आहे, ते काही माफ होत नाही.

घाबरवायला लिहीत नाहीये. पांढरं दिसायची कारणं बरीच असतात. कॅमेरा तिरका असला तर आत नस जिथे शिरते त्या जागेवरून उजेड परततो आणि निरोगी डोळासुद्धा पांढरा दिसतो. मोतीबिंदू लहान मुलांनाही होतो, चेंडूच्या माराने तर नक्कीच होऊ शकतो. डोळ्याच्या आतला, मागचा पडदा सुटला तरी तसं दिसतं. पण यादीत रेटिनोब्लास्टोमा आहे, म्हणजे पडद्याचा कॅन्सर, साधारण १५ ते २० हजार बाळांमागे एकाला, आणि बहुतेक पाच वर्षांच्या आतच. दुखत नाही, आणि दुसरा डोळा काम भागवतो म्हणून मूल तक्रारही करत नाही. कधी नुसता तिरळेपणा असतो आणि लोक म्हणतात मोठा झाला की जाईल. तिरळेपणासुद्धा दाखवायचाच असतो.

डॉक्टर बाहुली मोठी करायचे थेंब घालून आत बघतील. पोर हलतं म्हणून भूल देऊन तपासायचं म्हणाले तर भांडू नकोस, पडदा कडेपर्यंत बघायला ते लागतं. सोनोग्राफी करतील, गरज वाटली तर एमआरआय. इथे एक गोष्ट लक्षात ठेव, डोळ्यात लोखंडाचा कण शिरल्याची शंका असेल तर एमआरआय करत नाहीत, चुंबकाने तो कण आत सरकतो. म्हणून लागल्याची हकीकत सांगायचीच, काय लागलं, कधी लागलं, सगळं, फक्त तिथेच थांबायचं नाही. आणि सुई घालून तुकडा काढत नाहीत, त्याने पेशी बाहेर पसरू शकतात, त्यामुळे "बायोप्सी का नाही केली" म्हणून हुज्जत नको.

समजा तेच निघालं तर लवकर सापडलेल्याला उपचार आहेत. केमो, लेसर, गोठवणं, मांडीतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन थेट डोळ्याच्या रक्तवाहिनीत औषध. कधी डोळा काढावा लागतो, आणि तिथे आईबाप अडतात, दुसरं मत, तिसरं मत, तेवढ्यात गाठ नसेतून मेंदूकडे निघते. आधी जीव, मग डोळा, मग नजर, डॉक्टर याच क्रमाने विचार करतात आणि मला तो बरोबर वाटतो. चांगल्या सोयी असलेल्या देशांत ९५ टक्क्यांहून जास्त मुलं वाचतात. साधारण ४० टक्के केसेस आनुवंशिक असतात, १३ नंबरच्या क्रोमोसोमवरच्या जीनमधला बिघाड, म्हणून तसं निघालं तर धाकटीलाही तपासावं लागेल.

आता नुसता मार असेल तरी सोपं समजू नका. डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचलं तर डोळ्यातलं प्रेशर वाढतं, आणि पहिल्या काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा उड्या बंद आणि अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नाही. काचबिंदू कित्येक वर्षांनीसुद्धा उगवतो. आणि मुलांमधला एक फसवा प्रकार, डोळा वरून पांढराशुभ्र, पण वर बघताना दुखतो, पोर उलट्या करतं, सगळ्यांना वाटतं डोक्याला लागलं. खरं तर खोबणीचं हाड तडकून त्यात स्नायू अडकलेला असतो. ते लगेच सोडवावं लागतं.

भाऊजींना सांग, ग्राइंडर चालवताना चष्मा घालायचा, नंबरचा नाही, पॉलीकार्बोनेटचा. हातोडी मारताना उडालेला कण डोळ्यात घुसतो तेव्हा कधीकधी टोचल्यासारखं होऊन थांबतं, दिसतंही बरं, आणि आत लोखंड हळूहळू पडदा खराब करत बसतं. काही घुसलं असेल तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, उपटायचं नाही, मलम नाही, वर कपासारखं काहीतरी टेकवून झाकायचं आणि उपाशीपोटी दवाखाना, कारण ऑपरेशन लागू शकतं. चुना, सिमेंट, अ‍ॅसिड, क्लीनर गेलं तर अगदी उलटं, आधी नळाखाली किमान १५-२० मिनिटं धुवायचं आणि मग निघायचं, फोन करत बसायचं नाही. चुन्यासारखे अल्कली अ‍ॅसिडपेक्षा वाईट, आत मुरत जातात. लुई ब्रेलचं माहितीये ना, तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यात टोचा एका डोळ्यात गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही गेले.

आईच्या पापणीवरची ती रांजणवाडी पुन्हा त्याच जागी आलीये म्हणालीस. तरुणपणी ठीक आहे, तिच्या वयात एकाच जागी परत परत आली, पापणीचे केस गळले, तर तेलग्रंथीचा कॅन्सर नाही ना हे बघावं लागतं, काढली तर तो तुकडा लॅबला पाठवायला सांग, फेकून देऊ देऊ नका. आणि मोठ्यांच्या डोळ्यातही गाठ होते बरं, कधी मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, कधी स्तनाच्या किंवा फुफ्फुसाच्या कॅन्सरमधून आलेली. नजरेत सावली, चमक, वाकडं दिसणं, असं काही असेल तर चष्म्याचा नंबर बदलून गप्प बसायचं नाही.

सोन्याची अपॉइंटमेंट याच आठवड्यात घे, आणि पडद्याच्या किंवा लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरची घे, नुसता नंबर काढणाऱ्याची नको. रिपोर्टची सगळी पानं फोटो काढून पाठव, "नॉर्मल आहे म्हणाले" एवढंच टाइप करू नकोस. रात्री कितीही वाजता फोन कर, मी उचलते.

तुझी,
छोटी