पन्नाशीतली सायकल आणि आरेची पायवाट
संपादक महाशय,
वय बावन्न, गुडघे कुरकुरतात, तरी दर रविवारी जाड टायरची माउंटन बाईक काढून गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या जंगलात शिरतो. मेन रोड नाही हो, तिथे टेम्पोवाले अंगावर येतात, मी म्हणतोय ती झाडांमधली पायवाट. पावसाळा सरला की माती घट्ट बसते, मुळं वर आलेली असतात, त्यावरून उतरताना सीटवरून किंचित उठायचं, हँडलवर हात सैल ठेवायचे आणि पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, हे मला डावं कोपर सोलून निघाल्यावर कळलं. टायरमध्ये हवा पण थोडी कमीच ठेवतो, ग्रिप बरी मिळते. बायको म्हणते, ह्या वयात कसली थेरं! बोरिवलीच्या नॅशनल पार्कात मात्र कान्हेरी लेण्यांच्या डांबरी रस्त्यावरच चालवतो, जवळपास १०४ चौरस किमीचं ते जंगल बिबट्याचं घर आहे, वाट सोडून घुसायचं नसतं, आणि आरेतही नीट उजाडल्याशिवाय जात नाही.
तक्रार एकच. पायवाटेवर कोणीतरी राबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, आणून ओततंय, त्यात खिळे, महिन्यात दोनदा पंक्चर, दुसऱ्यांदा तर सायकल खांद्यावर घेऊन पार पिकनिक पॉइंटपर्यंत चालत आलो. तेवढं उचलायला लावा ना कोणाला तरी.
एक सायकलवाला, गोरेगाव (पूर्व)