बेशरम नुसती कापून जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाणी ओसरू लागले की मराठवाड्यात तलावकाठच्या श्रमदानाला जोर येतो. कोयते चालतात, काठ मोकळा दिसतो, फोटो निघतात. पावसाळ्यानंतर त्याच जागी बेशरम ही झुडपी वनस्पती दुप्पट! तिच्या प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात. ओल्या चिखलात पडलेला वीतभर तुकडाही जगतो. कांडी पोकळ, म्हणून तरंगत जाऊन दुसऱ्या काठाला रुजते.

तेव्हा कोयत्याआधी टिकाव. वेळ फेब्रुवारी-मार्चची, काठ नुकताच उघडा पडून माती ओलसर असते तेव्हा. पुढे काळी माती अशी आवळते की झाड वरून तुटते आणि बुडखा आतच राहतो. एकाने फोक वाकवून धरावेत, दुसऱ्याने बुडाभोवती खोदून पहारीने बुडखा उचकटावा. तुटलेल्या कांड्या वेचणे सर्वांत कंटाळवाणे, म्हणून तेच राहून जाते. त्यासाठी घमेली घेऊन दोन माणसे वेगळीच ठेवावीत. ढीग पाणी चढणार नाही अशा मुरमाड जागी, मुळे वर करून रचावा. काडी कडकन मोडेपर्यंत तो हलवू नये. पाला विषारी आहे, शेळ्या ढिगापासून लांब.

जेसीबीचा मोह टाळलेला बरा, बकेटमधून तुकडे सगळीकडे पसरतात. तलावाच्या मातीच्या भिंतीवर तर संबंधित विभागाला विचारल्याशिवाय खोदूच नये. तिथला खड्डा थराथराने ठोकून भरला नाही, तर पाणी तीच वाट धरते.

काठावरची दुसरी डोकेदुखी म्हणजे वेडी बाभूळ. ती जमिनीलगत तोडली की एका खोडाचे दहा फोक होतात. वीतभर खोल जाऊन मुळावरच घाव घालावा. तिच्या शेंगा जनावरे खातात आणि शेणा-लेंड्यांतून बी पसरते, त्यामुळे शेंगा पिकण्याआधी काम उरकावे. मात्र घाईत गावठी बाभळीवर कुऱ्हाड पडते, हे फार वाईट. पिवळे गोल गोंडे आणि मण्यांच्या माळेसारखी शेंग असेल तर ती आपली. पाण्यावर झुकलेल्या तिच्या फांदीला सुगरणीचे खोपे लटकतात. वेडीचा फुलोरा लांबट, सुरवंटासारखा.

ग्रामपंचायतींनी श्रमदानाची तारीख ठरवतानाच जुलैतली दुसरी फेरीही ठरवून टाकावी. तेव्हा नवी रोपे ओल्या मातीतून दोन बोटांनी निघतात.

– काही वाचक, जि. बीड