‘फोंड्यापर्यंत थांबता येतं का?’ असं विचारणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला व्हॉट्सॲपवर धाडलं असतं, तर ‘अहो, माझं कामच आहे ते’ म्हणून तुम्ही मोकळ्या झाला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय. शिवाय अल्सरेटिव्ह कोलायटिसबद्दल, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या माझ्या आजाराबद्दल, चारचौघांत कुणी बोलत नाही. संडासातून रक्त पडलं की मूळव्याध म्हणायचं आणि गप्प बसायचं. माझंही बरेच महिने मूळव्याधीचंच औषध चालू होतं.

मी एसटीत कंडक्टर. या नोकरीत मोठ्या आतड्याची सूज म्हणजे काय, ते दुसऱ्या कंडक्टरलाच कळेल. गाडी भरलेली, घाट लागलेला आणि पोटात कळ. कुठल्या वळणावर आडोसा आहे ते मला तिकिटाच्या दरांइतकं पाठ होतं.

तुमच्या कोल्हापूरच्या दवाखान्यानं मोबाईलवर फॉर्म सुरू केला. दर रविवारी भरायचा. संडासला दिवसा किती वेळा, रात्री किती वेळा, रक्त आहे का, सांधे दुखतात का, घाई होते का. घाईपुढे मी ‘होते’ एवढंच लिहायचो. त्यावरून कुणाला काय कळणार? तुम्ही फोन केलात. “कणकवलीहून गाडी सुटली की फोंड्यापर्यंत थांबता येतं का?” त्या दिवसापासून आपली मोजपट्टी ठरली. राधानगरीपर्यंत निभावलं तर झकास. दाजीपूर म्हणजे ठीक. फोंडा म्हणजे डॉक्टरांच्या कानावर घालायचं. आणि डेपोतच अडलं, तर त्याच दिवशी व्हिडिओ कॉल. फॉर्ममध्ये फोंडा नव्हता सिस्टर, तो तुम्ही घातलात.

पहिला मोठा उपकार त्याच्याही आधीचा. अझाथायोप्रीनची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून सूज रोखणारी, गोळी सुरू झाली तेव्हा रक्त तपासून रिपोर्टचा फोटो तुम्हाला पाठवायचा, असं ठरलं होतं. आमच्या घरी “सिस्टरांक रिपोर्ट धाडलात काय?” हे वाक्य जेवणाआधी ऐकावंच लागायचं. एकदा पांढऱ्या पेशी झपाट्यानं खाली आल्या. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना विचारून तुम्ही गोळी थांबवायला सांगितलीत. आपल्याकडच्या काही लोकांना जनुकांमुळेच ही गोळी नेहमीच्या डोसलाही झेपत नाही, हे मला नंतर कळलं. ताप येईपर्यंत वाट बघितली असती, तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

पण खरं सांगायचंय ते गेल्या पावसाळ्याचं. दिवसाचे आकडे व्यवस्थित होते, रक्त नव्हतं, ड्युटी चालू होती. फक्त रात्रीच्या रकान्यात शून्याच्या जागी एक येऊ लागला होता. मला तो पावसाळी गारठा वाटला. तुम्हाला नाही वाटला. “पाणी प्यायला उठता की संडासला? अंगदुखीवर मेडिकलमधून काही गोळी घेतलीत का?” वेदनाशामक गोळ्यांनी हा आजार उसळू शकतो, म्हणून विचारलंत. आणि हेही सांगितलंत, की नुसतं नाजूक पोट बहुधा झोपेतून उठवत नाही, सूज उठवते.

मग कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी. आतड्याला सूज आली की तिथे पांढऱ्या पेशी जमतात, त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. ते दोनतीन दिवस टिकतं, त्यामुळे नमुना कणकवलीत देऊन मोठ्या लॅबला जाऊ शकला. साधारण 250 च्या वर गेलं की सूज परतली असावी, असं धरतात. माझं 600 च्या पुढे होतं. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांनी मेसालामीनचा, म्हणजे आतड्याची सूज उतरवणाऱ्या औषधाचा, डोस वाढवला आणि रोज रात्री त्याचाच एनिमा सांगितला.

आता एनिमा म्हटल्यावर आमच्या घरात शांतता पसरली. तुम्ही व्हिडिओवर आलात, बायकोलाही शेजारी बसवलंत आणि भाजी निवडायला शिकवावं तसं शिकवलंत. आधी संडासला जाऊन यायचं. बाटली नीट हलवायची. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी. घाई न करता दाबायचं आणि मग अर्धा तास तसंच पडून राहायचं. डावी कूस का, तर मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडून खाली येतो, औषध तिथे टिकलं पाहिजे. लाजायला तुम्ही सवडच ठेवली नाहीत.

त्याआधीच्या उसळीला मला दाखल व्हावं लागलं होतं, स्टेरॉइड घ्यावे लागले होते. या वेळी दोन्ही टळलं. पुढचा रिपोर्ट 250 च्या खाली आला तेव्हा तुम्ही अंगठ्याचं चित्र पाठवलंत, एवढंच.

माझी मुलगी बी. फार्म. करते. तिनं वाचून दाखवलं, की नेदरलँड्समध्ये क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) आणि कोलायटिसच्या 909 रुग्णांचा अशाच पद्धतीचा अभ्यास झाला आणि तो 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. घरून फॉर्म भरणाऱ्यांच्या दवाखान्यात वर्षाला सरासरी 1.55 फेऱ्या झाल्या, नेहमीसारखं दवाखान्यात येणाऱ्यांच्या 2.34. दाखल होणंही कमी. आजार उसळणं मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. मला हे आकडे प्रामाणिक वाटले. आजार बरा होतो, असं कुणी म्हणत नाही. तरी म्हटलं, त्यांच्याकडे घाट नाहीत. आमची वाचलेली एक फेरी म्हणजे एक रजा, एक खाडा आणि वाटेतली धास्ती.

आता आजाराला आठ वर्षं होत आली, म्हणजे कर्करोगाची शंका नको म्हणून कोलोनोस्कोपी करायची, ती काही मोबाईलवर होत नाही. कोल्हापूरला येतोय. येताना घरची आमसुलं आणीन. ‘पेशंटकडून काही घेत नाही’ म्हणालात, तर तुमच्या देखत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवीन.

तुमचा,
कणकवली डेपोचा पेशंट