नाणं कुठल्या रानातलं?

लिंकनशायर,
१६ नोव्हेंबर

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, तिथं संग्रहालयात तू नक्की करतेस काय, आणि मी "जुनी नाणी मोजते" म्हणून विषय मिटवला. तुम्हाला ते पटलं नाही हे तुमच्या नुसत्या "बरं"वरून कळलं. पण फोनवर आई मधूनमधून "जेवलीस का, थंडी किती आहे" विचारत असते, त्या गडबडीत रोमन बादशहांना कुठं बसवायचं? म्हणून आज लिहायला बसले. चार वाजताच अंधार पडलाय, यांची रात्रपाळी आहे, आणि मला तुमच्याकडून एक काम करून घ्यायचंय. ते शेवटी सांगते.

इथलं रान बघितलंत तर तुम्हाला शिरोळची आठवण येईल. सपाट, नजर पोचेल तिथवर नांगरट. ऊस नाही, पण साखर आहे, बीटाची. सध्या ट्रॉल्या भरभरून बीट कारखान्याला चाललंय आणि रस्ताभर चिखल. फक्त ट्रॉलीमागं धावून कांडं ओढणारी पोरं तेवढी दिसत नाहीत.

या मातीत रोमन लोक साडेतीनशे वर्षांहून जास्त राहिले, इ. स. ४३ पासून साधारण ४१० पर्यंत. लिंकन शहर ही मूळची त्यांच्या निवृत्त सैनिकांची वसाहत. तिथल्या एका रोमन वेशीखालून आजही गाड्या जातात. इतकी वर्षं माणसं राहिली म्हणजे बाजाराला जाताना चिल्लर सांडणार, पिन तुटून पडणार, वजनं हरवणार. ते सगळं मातीत गेलं, आणि दर वर्षीच्या नांगरटीत थोडं थोडं वर येतं. पीक निघालं की शनिवारी-रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन माणसं शेतातून फिरतात. कोण ट्रकचालक, कोण गवंडी, कोण पेन्शनीतला मास्तर. शेतमालकाची परवानगी काढायची, सरकारनं राखलेल्या स्थळांवर पाय ठेवायचा नाही, बाकी रान मोकळं.

ही माणसं सापडलेल्या वस्तू आमच्याकडं आणतात. 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' नावाची योजना आहे, ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली चालते. १९९७ साली थोड्या भागात सुरू झाली, २००३ पासून सगळ्या इंग्लंड आणि वेल्समध्ये. प्रत्येक भागाला एक अधिकारी नेमलेला असतो, आणि त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली माझ्यासारखे बिनपगारी. आतापर्यंत १५ लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झालीय. तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: "मग त्या वस्तू सरकारजमा होतात का?" नाही. साधी नाणी, पिना आणायचं बंधन नाही, लोक आपखुशीनं आणतात. आम्ही लिहून घेतो, फोटो काढतो आणि ज्याची वस्तू त्याला परत देतो.

सोन्या-चांदीचं असेल किंवा एका जागी ढीग सापडला असेल तर गोष्ट वेगळी. १९९६ चा कायदा आहे. तीनशे वर्षांहून जुना सोन्या-चांदीचा दागिना, किंवा एकाच ठेव्यातली दहा तांब्याची नाणी, असं काही मिळालं तर चौदा दिवसांत कोरोनरला कळवायचं. कोरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. पुरलेल्या माणसांची चौकशी ज्याच्याकडं, पुरलेल्या धनाचीही त्याच्याकडंच! मग एखाद्या संग्रहालयाला ते हवं असेल तर किंमत ठरते आणि ती बहुतेक वेळा सापडवणारा आणि शेतमालक यांच्यात वाटली जाते. आपल्याकडंही कायदा आहेच, १८७८ चा. दहा रुपयांवरचं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. आपल्या आजोबांना तो ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असता तरी ते कलेक्टर कचेरीची पायरी चढले असते असं मला वाटत नाही.

माझं काम असं. टेबलावर छोट्या छोट्या पिशव्या येतात. प्रत्येकीत एक वस्तू, आणि पिशवीवर नकाशावरची जागा: दोन अक्षरं, आठ आकडे. तेवढ्यावरून दहा मीटरच्या चौकोनात बोट ठेवता येतं, म्हणजे आपल्या चिंचेच्या सावलीएवढ्या जागेत. मी वजन करते, व्यास मोजते, छापा आणि काटा दोन्हींचे फोटो काढते. छाप्यावरचा राजा सरळ धरून नाणं उलटलं की मागचं चित्र कुठल्या दिशेला येतं तेही लिहायचं, घड्याळाच्या भाषेत: बारा वाजता, सहा वाजता. पहिल्या आठवड्यात मला हे सगळं चोचले वाटले होते.

फार देखणं काही हाती येतं असं समजू नका. बहुतेक नाणी नखाएवढी, हिरवट, झिजून गुळगुळीत. डिटेक्टरवाले त्यांना 'ग्रॉट' म्हणतात, गचाळ या अर्थानं. पण सवयीनं तीही बोलायला लागतात. सर्वांत जास्त येतात ती ३३० ते ३४८ च्या दरम्यानची. त्यांतल्या एका प्रकारावर लांडगीण दोन जुळ्या पोरांना दूध पाजताना असते, ती मी आता नुसत्या बोटानं ओळखते. दुसऱ्या एका नाण्यावर सैनिक घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला खुपसतोय. ते ३४८ पासून पाडायला लागले. भोवतीच्या लॅटिन अक्षरांचा अर्थ काय, तर सुखाचे दिवस परत आले! आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत गावोगाव त्याच नाण्याच्या हलक्या, खोट्या नकला पाडल्या जात होत्या, कारण खरी चिल्लर पुरतच नव्हती. सरकारं तेव्हाही चांगले दिवस आधी छापून मोकळी व्हायची.

नाण्यांपेक्षा मला किरकोळ धातूच्या वस्तू आवडतात. कापडाला लावायच्या पिना तर ढिगानं. आईची साडीपिन असते ना, तिचीच स्प्रिंग, तोच आकडा, फक्त दोन हजार वर्षं जुनी. शिशाची वजनं येतात, चिमटे येतात. गेल्या महिन्यात एकानं पितळी काडी आणली, टोकाला बारीक पळी. तिथले सगळे विचार करत बसले. मी म्हटलं, कानकोरणं. आजीच्या कमरेच्या जुडग्यात कानकोरणं आणि दातकोरणं एकाच कडीत असायचं, आठवतं? रोमन बायकाही चिमटा, नखं साफ करायची काडी आणि कानकोरणं असंच एका कडीत अडकवून बाळगायच्या. त्या दिवशी आमच्या अधिकारी बाईंनी मला स्वतःच्या हातानं चहा करून दिला.

आता माझी चूक सांगते, कारण खरं तर तिच्यामुळंच हे पत्र लिहितेय. सप्टेंबरात एक निवृत्त ट्रकचालक आले. सत्तरीचे असतील. एकाच शेतमालकाच्या दोन रानांत ते अकरा वर्षं फिरताहेत, एक ओढ्याच्या अलीकडं, एक पलीकडं. एकोणीस नाणी, एकोणीस पिशव्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात जागा. मी दोन्ही रानांच्या पिशव्या एकाच ताटलीत रिकाम्या करायला घेतल्या, वजनं पटापट होतील म्हणून. त्यात फोन वाजला. बोलून परत आले तर सात नाणी सुटी पडलेली आणि सात पिशव्या रिकाम्या, कुठलं कुठल्या पिशवीतलं ते कळेना. सगळी हिरवी, सगळी गुळगुळीत. (फोन कुणाचा होता ते आईला सांगू नका.)

त्या सात नाण्यांची नोंद शेवटी नुसत्या गावाच्या नावानं झाली. म्हातारबुवा मला एक शब्द बोलले नाहीत. नुसते रिकाम्या पिशव्यांकडं बघत राहिले, मग त्या घडी करून खिशात ठेवल्या. बोलले असते तर बरं वाटलं असतं. कारण नंतर बाईंनी उरलेल्या बारा नाण्यांवरून मला दाखवलं: ओढ्याच्या अलीकडं सगळी तिसऱ्या शतकातली, पलीकडं निम्म्याहून जास्त चौथ्यातली. म्हणजे वस्ती ओढा ओलांडून सरकली असावी. ती सात नाणी जागेवर असती तर 'असावी' म्हणायची वेळ आली नसती. बाजारात त्या एकोणिसांना मिळून एक वेळच्या जेवणाचेही पैसे आले नसते. त्यांची किंमत सगळी पिशवीवरच्या त्या आठ आकड्यांत होती.

फ्रोम गावच्या ठेव्याची गोष्ट बाईंनी त्या दिवशीच सांगितली. २०१० साली सॉमरसेटमध्ये डेव्ह क्रिस्प नावाच्या, इस्पितळात स्वयंपाकी असलेल्या माणसाला रानात मडक्याची कड लागली, आत नाणी. बाबा थांबला. हात आवरून त्यानं खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. आबा, मडक्यात ५२,५०३ नाणी निघाली, वजन १६० किलो. तज्ज्ञांनी ती थराथरानं काढली, आणि म्हणून एक गोष्ट कळली: सर्वांत उशिराच्या राजाची, कॅरॉसियसची नाणी वर नव्हती, बरीचशी खाली दबलेली होती. म्हणजे कुणी वर्षानुवर्षं त्यात बचत टाकत नव्हतं, मडकं एका दमात भरलं गेलं. घमेल्यानं उपसलं असतं तर नाणी तेवढीच निघाली असती, पण ही गोष्ट गेली असती.

सगळेच असे नसतात. राखलेल्या जागांवर रात्री चोरून खणणारेही आहेत, त्यांना इथं 'नाइटहॉक' म्हणतात. त्यांच्या भीतीनं आम्ही नेमकी जागा लोकांना दाखवत नाही, अंदाजे दाखवतो. आणि कायद्यालाही भोकं होती. २०१० मध्येच कंब्रियात एक रोमन शिरस्त्राण सापडलं, मुखवट्यासकट, अप्रतिम. पण कांस्याचं! सोनं-चांदी नाही म्हणून ते त्या कायद्यात बसलं नाही, लिलावात वीस लाख पौंडांवर गेलं आणि खासगी हातात पडलं. तशा वस्तूंसाठी कायदा बदलायला २०२३ साल उजाडलं.

हे सगळं शिकताना मला सारखा आपला ब्रह्मपुरीचा पोसायडन आठवतो. टाउन हॉलच्या संग्रहालयात तुम्ही मला खांद्यावर घेऊन दाखवला होतात, "हा बघ, समुद्राचा देव, पंचगंगेच्या काठी आला." तेव्हा मला फक्त तो उघडा आहे याचं हसू आलं होतं. ती छोटीशी कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीच्या टेकाडातून आली हे लिहिलेलं राहिलं, त्याच टेकाडावर १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, म्हणून आज सातवाहनांच्या कोल्हापुराचा रोमन जगाशी संबंध होता असं ठामपणे म्हणता येतं. तीच मूर्ती नदीकाठी कुणाला मिळून गुजरीत सराफाकडं विकली गेली असती तर? एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यातलं शोभेचं बाहुलं, बस.

तर आता काम. देवघरातल्या पितळी डबीत आजोबांची नाणी आहेत, माझ्या आठवणीप्रमाणं चौदा. बहुतेक मराठ्यांच्या तांब्याच्या शिवराया, पण एक जाडसर आहे ते शिवराई नव्हे. तुम्ही म्हणता विहीर खणताना मडक्यात सापडली आणि बाकीची तांबटानं नेली. आत्या म्हणते, छे, मडकं-बिडकं काही नव्हतं, माळाच्या रानात नांगरताना एकेक करून वर्षानुवर्षं मिळाली. लहानपणी मला तुमचं भांडण ऐकायला मजा यायची. आता झोप येत नाही. एका मडक्यातली असली तर कुणीतरी एकदा घाबरून पुरली. माळावर विखुरलेली असली तर तिथं कधीतरी वस्ती होती, बाजार होता, निदान वाट होती.

आत्या ब्याऐंशीची आहे. गुडघे बरे असतील त्या दिवशी तिला गाडीतून माळावर न्या, विहिरीवरही न्या. तिला म्हणावं, जिथं मिळाली तिथं नुसतं उभं राहा. तुमच्या मोबाइलमध्ये नकाशा उघडून त्या जागेवर बोट दाबून धरलं की आकडे येतात, ते वहीत लिहा. तिथं खणायचं मात्र काही नाही. तुमची जागा वेगळी, तिची वेगळी, दोन्ही लिहा, भांडू नका. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदात बांधा, वर नंबर घाला. सोनाराकडं जाऊन वजन करून आणलंत तर उत्तमच. दोन्ही बाजूंचे फोटो सकाळच्या तिरक्या उन्हात काढा, शेजारी पट्टी ठेवून.

आणि आईला हात जोडून सांगा, दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर त्यांनाही चिंच लावून घासते ती आता बंद. त्या जाडसर नाण्यावर काय होतं ते चिंचेनंच खाल्लंय अशी मला दाट शंका आहे. इथं आम्ही पाण्यापलीकडं काही लावत नाही.

मी मे महिन्यात तीन आठवडे येतेय. येताना एक छोटा वजनकाटा आणते, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. आईनं त्यावर वेलदोडे मोजले तरी चालतील.

आत्याला नमस्कार, दादाच्या पोरांना पापा.

तुमची,
ताई

ता. क. वहीचं पान फोटो काढून पाठवा, टाइप करत बसू नका. तुमचं अक्षर मला लागतं.