दिवाळीचा हिशेब श्रावणाआधीच मांडावा

महोदय,

दसरा जवळ आला की वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती सुरू होतात आणि मग कुठे घरोघरी दिवाळीच्या खर्चाचा विषय निघतो. तोवर फार उशीर झालेला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आजारपण सांगून येत नाही, पण दिवाळी तर पंचांगात वर्षभर आधीच छापलेली असते. म्हणून श्रावण लागण्यापूर्वीच हे पत्र लिहीत आहे.

यंदा अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळे सगळे सण पुढे गेले. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या 20-21 तारखेला आले आणि पगारदारांची दिवाळी महिनाअखेरच्या ओढाताणीत गेली. यंदा ते 8 नोव्हेंबरला आहे. पगार हातात पडताच सण, म्हणून बरे वाटते. पण जपायला हवे ते याच वर्षी. पहिल्याच आठवड्यात पगार संपला तर उरलेले तीन आठवडे दूध, किराणा, मुलांची फी, गाडीचा हप्ता कशातून भागवायचे? त्यात ज्यांनी धोंड्याच्या महिन्यात जावयाला 33 अनारशांचे वाण आणि आहेर केला, त्यांची शिल्लक आधीच उतरलेली आहे. शिवाय 2027 ची दिवाळी परत 29 ऑक्टोबरला, म्हणजे मध्ये पुरते बारा महिनेही मिळणार नाहीत.

मागच्या वर्षीची वही समोर असल्याशिवाय सणाची यादी करू नये. आमच्या घरच्या वहीत प्रत्येक जिनसापुढे दोन आकडे लिहितो : किती आणले आणि किती उरले. ‘मैदा 3 किलो, उरला दीड.’ ‘मिठाईचे डबे 6, भाऊबीजेनंतर 2 न फोडलेले.’ असे दोन आकडे शेजारीशेजारी दिसले की यंदा काय कमी आणायचे यावर घरात वाद होत नाही. वेलची, खसखस, सुका मेवा असे जिन्नस तीन-चार घरांनी मिळून इंदूरच्या सियागंज बाजारातून घाऊक भावात आणावेत आणि वाटून घ्यावेत. अनारशाचे पीठ आधी करून ठेवले तरी टिकते. रवा-मैदा मात्र पावसाळ्यात भरून ठेवू नये, अळ्या होतात.

खरी चिंता वाटते ती हप्त्यांच्या खरेदीची. आपल्या माळव्यात दिवाळीपूर्वीच्या पुष्य नक्षत्राचे माहात्म्य मोठे. त्या मुहूर्तावर टीव्ही, फ्रिज, मोबाइल घरी येतो आणि खिशात पैसे नसले तरी कार्ड असतेच. समजा, कार्डावर 40,000 रुपयांची थकबाकी राहिली. अनेक कार्डांचे व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे 1,400 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 252 रुपये. बिलावर ‘किमान देय रक्कम’ साधारण पाच टक्के, म्हणजे 2,000 रुपये दिसते आणि तेवढी भरून माणूस निश्चिंत होतो. प्रत्यक्षात मूळ कर्जातून फक्त 348 रुपये फिटलेले असतात! ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजेही फुकट नव्हे. शून्य टक्क्यांच्या योजनांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या आड लपवून ग्राहकाकडूनच वसूल केले जाते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते. रोखीने घेतल्यास मिळणारी सूट हातची जाते ती वेगळीच. ऋण काढून सण करू नये असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, आणि आता ते ऋण दुकानाच्या काउंटरवर दोन मिनिटांत मिळते. तरुण जोडप्यांनी वरचा हिशेब एकदा स्वतः कागदावर करून पाहावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या सुदामानगरात काही जणींची खास दिवाळीची भिशी आहे. मला त्यापेक्षा स्वतःच्या नावावरची बँकेतली आवर्ती ठेव सुरक्षित वाटते. यंदा थोडेच महिने हाताशी आहेत, तेव्हा जमेल ती रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. पुढच्या वर्षासाठी मात्र दिवाळीच्या पाडव्यालाच ठेव उघडावी. दरमहा 2,000 रुपये टाकले तरी 11 हप्त्यांत 22,000 आणि वर व्याज. ही रक्कम मुलांनाही सांगावी. फटाके, कपडे, बाहेरगावी जाणे, सगळे त्यातच बसवायचे आहे हे कळले की मुले आपणहून हट्ट आवरतात, हे मी पाहिले आहे.

इंदूरच्या मराठी मंडळांनी यंदाच्या गणेशोत्सवात एखादा तास या विषयासाठी राखून ठेवावा. आणि आपल्याला विनंती अशी, की गणपतीपासून धनत्रयोदशीपर्यंत आठवड्यातून एकदा साखर, तूप, बेसन, खोबरे, काजू अशा आठ-दहा जिनसांचे सियागंजातले भाव छापावेत. जुने अंक चाळून गेल्या दिवाळीचे भावही शेजारी दिले, तर कोणती वस्तू आधी घ्यावी आणि कशासाठी थांबावे, हे वाचकांना घरबसल्या ठरवता येईल.

आपली एक नियमित वाचक,
सुदामानगर, इंदूर